रविवारी माय देवळात येते

सावळखेडी, पोस्ट अल्लीपूर
सोमवार, ता. ५ नोव्हेंबर १९५६

ती. आनंदा अक्कास,
श्रावणाचा प्रभूमध्ये सादर सलाम. वि. वि.

तुझे कार्ड दसऱ्याच्या आधीच येऊन पडले होते. उत्तराला महिना लागला, राग धरू नकोस. दोनदा दौत उघडून बसलो आणि दोन्हीदा झाकण लावून उठलो. काय लिहावे हे सुचत नव्हते असे नाही. लिहायचा कंटाळा आला होता. हल्ली सगळ्याचाच येतो.

नागपूरची हकीकत पुलगावातही पोचली असेलच. आपल्या वस्तीतून दसऱ्याला माणसे हिंगणघाटहून गाडीत बसून गेली, काही तर पायीच निघाली. परत आली ती पांढऱ्या कपड्यांत, बुद्धाची दीक्षा घेऊन. आपल्या ख्रिस्ती मंडळीत चौदा घरे होती, हे तुला ठाऊक आहे. त्यातली नऊ गेली. आणि त्या नवांत आपला लहानू आहे. हे वाक्य लिहायला मला महिना लागला म्हण.

तो चोरून गेला नाही. आदल्या संध्याकाळी माझ्या दारात आला आणि म्हणाला की, दादा, मी उद्या जाऊन राह्यलो, तुले सांगितल्याशिवाय जात नाई. कंदिलाची काच पुसत होतो, ती पुसत राहिलो. थोडा वेळ उभा राहून तो गेला. तेव्हापासून आम्ही बोललो नाही आणि मी त्याच्या घरी पाय ठेवलेला नाही.

काल उपासनेला सहा माणसे होती. मी, कमला, रामाजी, त्याची बायको, देवकाबाई आणि माय. उरलेल्या दोन घरची माणसे कापूस वेचायला जातात. रविवार काय नि सोमवार काय, बोंड फुटले की फुटले. देवकाबाईला आता डोळ्यांनी दिसत नाही, तरी काठी टेकत सर्वांच्या आधी येऊन बसते. गीत मी उचलतो आणि दुसऱ्या ओळीपर्यंत एकटाच गात असतो. ढोलकी वाजवणारा गेला, चाल धरणाऱ्या बायका गेल्या. उपदेश वीस मिनिटांचा तयार केला होता, आठ मिनिटांत संपवला. सहा माणसांपुढे हात वर करून बोलताना माझी मलाच लाज वाटते. एकवीस वर्षे या मंडळीत उपदेशक आहे, अशी लाज कधी वाटली नव्हती.

माय मात्र एकही रविवार चुकलेली नाही. ती लहानूच्याच घरी आहे, तिथून हलायला तयार नाही. तिचे गुडघे आता पार गेले, म्हणून लहानू तिला पाठुंगळी घेऊन नाल्यापलीकडून आणतो. पायरीवर उतरवतो, तिच्या डोक्यावरचा पदर सारखा करतो आणि स्वतः बाहेर निंबाखाली जाऊन बसतो. शेवटची प्रार्थना झाली की येतो आणि घेऊन जातो. माझ्याकडे पाहत नाही. मीही पाहत नाही.

तुझ्या गुडघ्याचे कसे आहे? सगळ्यांना सलाम, लेकरांना पापे. लोभ करतेस तेवढाच करीत जा, मी त्याला पुरा पडत नसलो तरी.

तुझा
श्रावण


पुलगाव
ता. १३ नोव्हेंबर १९५६

चि. श्रावणास,
आनंदा अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले. तुझे अक्षर बघून सूनबाईने विचारले की हे कोणा डॉक्टरचे आहे काय. बापाने तुला फटके मारून वळणदार अक्षर शिकवले होते, ते कुठे हरवलेस?

लहानूचे वाचले. वाईट वाटले नाही असे खोटे कशाला सांगू? चाळीस वर्षे बायबलबाई म्हणून दारोदार शुभवर्तमान सांगत फिरले आणि आपल्याच घरातला आपल्या हाताने वाढवलेला पोर उठून गेला. पण श्रावण, तो तुझ्या दारात सांगायला आला होता. तुला तोंड होते. काच पुसायला ती एकच वेळ होती काय?

इकडे दारूगोळ्याच्या डेपोतली माझ्या लेकाची पाळी बदलली, त्यामुळे घरात दिवसाही कुजबुजत बोलावे लागते. एक तारखेपासून आपण सगळे मुंबई राज्यात आलो म्हणे. मिलचा भोंगा मात्र पूर्वीच्याच वेळेला होतो. गुडघा भोंग्याच्याही आधी उठवतो.

लहानूला मी वेगळे पत्र लिहीत आहे. त्याने असे काऊन केले ते त्यालाच विचारते. तू लहानूच्या घरी जा. देवाने तुला हाकलायला नेमलेले नाही, बोलवायला नेमले आहे. आणि सहा माणसांची लाज बाळगू नकोस. मी कित्येक दुपारी एका म्हातारीपुढे आणि तिच्या बकरीपुढे उपदेश केला आहे, आणि बकरीने जास्त लक्ष देऊन ऐकला.

मायच्या पायाला तिळाचे तेल कोमट करून लावायला विमलाबाईला सांग. सांग म्हणजे लहानूच्या बायकोशी बोलावे लागेल, हे मला समजते. म्हणूनच लिहिले आहे.

कमलेस आशीर्वाद. पत्राला पुन्हा महिना लावशील तर मी स्वतः येईन, मग माझी सेवा करीत बस.

तुझी
अक्का


सावळखेडी
मंगळवार, ता. १८ डिसेंबर १९५६

ती. अक्काबाईंच्या सेवेशी,
कमलेचा सलाम.

मी पत्र लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे. हे पत्र लिहिले ते यांना माहीत नाही. रामाजी अल्लीपूरच्या बाजाराला चालला आहे, त्याच्या हाती देते.

यांनी तुम्हाला काय कळवले ते मला ठाऊक नाही, पण एक गोष्ट कळवली नसणार. शहरच्या पाळकसाहेबांचे पत्र आले होते की, जी घरे गेली त्यांची नावे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उपासनेत वाचावी आणि ही माणसे आजपासून मंडळीची नाहीत असे जाहीर करावे. पत्र आल्यापासून यांचे जेवण कमी झाले. मी म्हटले की, वाचू नका, कोण पाहाले येते? तर म्हणाले की, नोकरी माणसांची असती तर नसते वाचले, ही देवाची आहे.

वाचले हो अक्काबाई. नऊ घरांतली एकतीस नावे. लहानू भाऊजींचे नाव सगळ्यांत शेवटी लिहून ठेवले होते. तिथवर आले आणि थांबले, तांब्यातले पाणी प्यायले, मग वाचले. दार उघडे होते. भाऊजी बाहेर निंबाखाली बसलेले मला दिसत होते. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. बस, एवढेच.

सासूबाई पुढेच चटईवर होत्या. त्यांना कमी ऐकू येते. त्यांनी देवकाबाईला मोठ्याने विचारले की, काय वाचून राह्यला वं तो? देवकाबाई बिचारी काय सांगेल, नावं वाचते म्हणाली. सासूबाईंना वाटले, आजारी माणसांसाठी प्रार्थनेत घेतो तशी ही नावे आहेत. म्हणाल्या, माह्या लहानूचं बी घेतलं, बरं झालं. आणि हात जोडले. यांनी पुस्तक मिटले. त्या दिवशी आशीर्वाद न देताच उपासना संपली.

मग त्याच आठवड्यात गुरुवारी बाबासाहेब गेल्याची बातमी आली. वस्तीत कोणाच्या घरी चूल पेटली नाही. माणसे उघड्यावर बसून रडत होती, बायका कपाळ बडवत होत्या. आमच्या घरीही मी चूल पेटवली नाही. यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. मला वाटले, या रविवारी आता भाऊजी कशाला येतात? नाव वाचले आणि वरून हे दुःख. पण ते आले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, तीन दिवसांचे उपाशी, आणि पाठीवर सासूबाई. पायरी चढताना त्यांचा पाय लटपटला. हे दारातच उभे होते. एक पाऊल पुढे झाले, मला वाटले आता धरतात. मग वळून आत गेले आणि गीताचा आकडा सांगितला.

तेव्हापासून हे माझ्याशीही धड बोलत नाहीत. रविवारी उपासना घेतात ती ओझे उतरवून ठेवल्यासारखी. तुम्ही मोठ्या आहात, तुमचे ऐकतील. मी हे लिहिले ते सांगा की सांगू नका, तुम्हीच ठरवा. मला कशाचेच भ्यायचे त्राण उरले नाही.

लेकरांना माझा गोड पापा. आठवण ठेवता तशीच ठेवावी.

आपली
कमला


पुलगाव
ता. २२ डिसेंबर १९५६

चि. श्रावणास आशीर्वाद.

मला सगळे कळले आहे. कोणी कळवले हे विचारू नकोस, आणि घरात कोणाला टाकून बोलूही नकोस.

नावे वाचायला तुला पाळकसाहेबांनी सांगितले. मायच्या पुढ्यात वाचायला कोणी सांगितले? तिला त्या दिवशी घरी ठेव म्हणून निरोप धाडता आला असता. तेवढीही वाट तुला सुचली नाही?

तू तेव्हा मायच्या पोटात होतास, म्हणून सांगते. बापाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. पुढच्याच महिन्यात काकाच्या घरी लग्न होते. आम्ही पंगतीत बसलो. भात वाढून झाला आणि पंचांनी उभे राहून बापाचे नाव घेतले की, हा आपल्यातला नाही, याने उठावे. बाप उठला. माय उठली. मी हातातला घास तोंडात घालू की ठेवू हे न कळून तशीच बसले होते. तो घास मला आजही घशात लागतो. बापाने त्यानंतर देऊळ बांधले ते कोणाला पंगतीतून उठवायला बांधले नव्हते.

याहून जास्त लिहीत नाही. लिहिले तर नाताळच्या तोंडावर नको ते लिहून जाईन. तुमच्या सर्वांचा नाताळ सुखाचा जावो.

तुझी
अक्का


सावळखेडी
सोमवार, ता. १४ जानेवारी १९५७

ती. अक्कास,
श्रावणाचा सादर सलाम. वि. वि.

तुझे पत्र तीन आठवडे पवित्र शास्त्रात ठेवून दिले होते. रोज काढून वाचतो. तू लिहिलेस त्यातला एकही शब्द खोटा नाही, म्हणून बचाव करीत नाही. मला निरोप धाडायचे सुचले नाही हे खरे नाही. सुचले होते. पण निरोप लहानूच्याच हाती द्यावा लागला असता.

नाताळ झाला. पताका लावल्या नाहीत. दरवर्षी पहाटे वस्तीभर गात फिरतो, यंदा कोणाच्या दारात गावे? कमलाने शेवया केल्या आणि देवकाबाईला नेऊन दिल्या. माय आली. तिच्या लुगड्याला नवी घडी होती. विमलाबाईने नाताळासाठी काढून दिले असणार. दुसऱ्या देवाच्या घरातून माझ्या देवाच्या सणाला माय नवे लुगडे नेसून येते आणि मी पुस्तकाआडून पाहतो.

आता मुख्य गोष्ट. वरून पत्र आले आहे की, पाच घरांसाठी वेगळी मंडळी ठेवणे शक्य नाही. देवळाच्या आढ्याला वाळवी लागली आहे, तेही एक कारण दिले आहे. ईस्टरची उपासना शेवटची, त्यानंतर दार बंद करून आम्ही हिंगणघाटच्या मंडळीला जोडले जाऊ. माझा अभिप्राय मागितला आहे. मला वर्ध्याला मुलांच्या वसतिगृहावर देखरेखीचे काम द्यायला तयार आहेत, राहायला पक्की खोली, नळाचे पाणी.

अक्का, तुला सोडून हे कोणाला सांगू? पत्र वाचले तेव्हा मला पहिल्यांदा बरे वाटले. मग त्या बरे वाटण्याची भीती वाटली. आपल्या बापाने विटा वाहून बांधलेले देऊळ बंद होणार आणि मला वाटते की आता रविवारी सकाळी उशिरापर्यंत पडून राहता येईल. माझे वय अठ्ठेचाळीस आहे आणि मला सत्तरीच्या माणसासारखे वाटते. मी लिहून कळवले की, माझी हरकत नाही.

माय माझ्यासोबत वर्ध्याला येणार नाही. विचारले नाही, पण ठाऊक आहे.

तुझा राग उतरला असेल तर दोन ओळी लिही. उतरला नसेल तरी लिही.

तुझा
श्रावण


सावळखेडी
ता. २७ फेब्रुवारी १९५७

अक्काले लहानूचं पायलागू.

सलाम लिहू का जयभीम लिहू, हे मले समजून नाई राह्यलं, तवा सरळ तुह्या पायाच पडतो. मी चवथी शिकलेला माणूस, चुकलंमाकलं समजून घेजो. तुह्या पत्राले जबाब द्याले इतके दिवस लागले. गहू काढणं चालू हाये, अन् दुसरं म्हणजे काय लिहू हे सुचत नोहतं.

तू इचारलं का मी काऊन गेलो. येशूवर माहा राग नाई. मायच्या तोंडून त्याच्या गोष्टी आइकतच मी मोठा झालो. पण आपला बाप ख्रिस्ती झाला तं गावानं काय केलं? वस्ती तीच राह्यली, इहीर तीच राह्यली. गावातले म्हणत का हे तेच. आपले जातवाले म्हणत का हे किरिस्ताव, यायले बाजूले बसवा. दसऱ्याले मी त्या मैदानात उभा होतो, जिकडं पाह्यलं तिकडं आपलंच माणूस. तिथं मले कोणी इचारलं नाई का तू कोण. तेवढ्यासाठीच गेलतो म्हण.

दादानं नाव वाचलं त्या दिवशी माह्या मनात आलं का उठाव, मायले उचलाव अन् घरी जाव, परत या दारात याव नाई. पण माय आत होती, उपासना व्हायची होती. तिले अर्ध्यातून कसा उचलू? म्हणून बसलो. अन् मग बसलोच.

वस्तीतले चारजण मले म्हणाले का, लहानू, तू दीक्षा घेतली अन् दर अइतवारी देवळाच्या दारात काऊन बसून राह्यतो? म्या म्हटलं, तुमच्या माया चालतात, माही चालत नाई. त्यातलाच एक परवा म्हणाला का नाल्यात पाणी असलं तं मले हाक मारजो, दोघं मिळून नेऊ.

आता ते देऊळ बंद होऊन राह्यलं म्हणतात. माय मले रोज इचारते का ईस्टर झाल्यावर कुठं जायचं. मी सांगतो, अजून दिवस हायेत. हिंगणघाट तिच्यासाठी इलायतच हाये. अक्का, आमची ओसरी मोठी हाये, सावली हाये. विमला म्हणते का दोन चटया टाकल्या का झालं. पण हे मी दादाले सांगाले जाणार नाई. एकदा त्याच्या दारात गेलतो. तूही लिहू नको का लहानू असं म्हणते. त्याच्या मनात येईन तं येईन.

मायले तेल लावून राह्यलो, फरक नाई. लेकरायले माहा आशीर्वाद. माया ठेवजो.

तुहा
लहानू


पुलगाव
ता. १६ एप्रिल १९५७

चि. श्रावणास आशीर्वाद.

कार्डावर जागा थोडी आहे. राग उतरला, तो फार वेळ धरायला माझ्याही अंगात जोर नाही. मार्चभर तापाने पडून होते. आता खुर्चीत बसून भाजी निवडते आणि सूनबाई ती पुन्हा निवडते.

एक गोष्ट तुला सांगू नये असे मला बजावले आहे, म्हणून सांगत नाही. तू वर्ध्याला जा की जाऊ नको, तो तुझा आणि प्रभूचा व्यवहार. पण जाण्याआधी मायच्या शेजारी जाऊन बस आणि विचार की, पुढच्या रविवारी तू कुठे बसणार? उत्तर तिच्या तोंडून ऐक. वरच्यांना अभिप्राय दिलास, तिला विचारलेच नाहीस.

ईस्टरचे आशीर्वाद. देवळाच्या दाराला माझ्या वतीने एकदा हात लाव.

अक्का


सावळखेडी
सोमवार, ता. २० मे १९५७

ती. अक्कास,
श्रावणाचा सप्रेम सादर सलाम. वि. वि.

पत्र लांबणार आहे, खुर्चीत नीट बसून घे.

ईस्टरला शहरचे पाळकसाहेब आले, प्रभुभोजन झाले, बोलले चांगले. शेवटी त्यांनी किल्ली मागितली. मी दाराला हात लावला, तुझ्या वतीने एकदा आणि माझ्या वतीने एकदा. माय पायरीवर बसून होती. तिने विचारले की, आता पुढच्या अइतवारी कुठं? तू सांगितल्याप्रमाणे मी तिला विचारायच्या आधी तिनेच मला विचारले. लहानूने तिला पाठीवर घेतले आणि तो गेला.

पुढचा रविवार उजाडला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला रविवारी काम नव्हते. अंथरुणात पडून राहायचे ठरवले होते, पण सहालाच उठलो. कमलाने एक स्तोत्र वाचले, मी आमेन म्हटले, मग दोघांनी चहा घेतला. बाहेर खाट टाकून बसलो, आणि समोर पाहतो तर लहानू मायला घेऊन नाला चढून येत होता.

त्याला ठाऊक होते ना, कुलूप आहे म्हणून. त्याने तिला नेहमीसारखे पायरीवर उतरवले, पदर सारखा केला. पण निंबाखाली गेला नाही. तिच्या शेजारी पायरीवरच बसला. दोघे बंद दाराला पाठ लावून बसून होते. मला वाटले, जातील थोड्या वेळाने. गेले नाहीत. ऊन पायरीवर चढायला लागले, तेव्हा लहानूने आपला दुपट्टा मायच्या डोक्यावर धरला. हात वर करून धरून बसला, अक्का. तेवढ्यात देवकाबाईही काठी टेकत आली; तिला कुलूप दिसत नाही, ती चाचपडत येऊन मायच्या दुसऱ्या बाजूला बसली.

मी शास्त्र घेतले की नाही, ते आठवत नाही. पायात चप्पल नव्हती हे आठवते, कारण माती तापली होती. मी गेलो. माय म्हणाली की, उशीर केला तू.

मी लहानूसमोर उभा राहिलो. डोक्यात पुष्कळ तयार केले होते, सहा महिने तयार करीत होतो. तोंडातून इतकेच आले की, लहानू, मी तुझं नाव वाचलं ते चुकलं, तू दारात आला तेव्हा बोललो नाही तेही चुकलं. त्याने दुपट्टा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला की, दादा, माहा हात दुखून राह्यला, तू धर जरा. मी धरला. तसाच उभा राहून प्रार्थना केली, लहानच केली. देवकाबाईने गीत उचलले. तिचा आवाज असा आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते, कारण नेहमी मीच मोठ्याने गात होतो.

मायनेच मग हुकूम सोडला की, इथं ऊन लागते, पुढच्या वेळी घरी ये. घरी म्हणजे लहानूच्या घरी. विमलाबाईने त्या दिवशी मला जेवायला वाढले, ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी. पहिला घास जड गेला. नंतर दोन भाकरी खाल्ल्या. कमला म्हणते तीन.

त्यानंतर तीन रविवार त्यांच्या ओसरीवर उपासना झाली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. पहिल्या दिवशी लहानूने विचारले की, मी बाहेर जाऊ का? माय म्हणाली की, घर तुहं, तू कुठं जातं? मग तो जात्याजवळ बसला. गाणे म्हणत नाही, डोळे मिटत नाही, पण बसतो. मी त्याला आत ओढायला गेलो नाही आणि जाणार नाही. तुला हे पटेल की नाही ठाऊक नाही.

मी पाळकसाहेबांना सगळे खरे लिहून कळवले. त्यांचे उत्तर आले की, अशा घरात झालेली उपासना मंडळीच्या नोंदीत धरता येणार नाही. मी उलट टपाली लिहिले की, धरू नये. त्याच पत्रात वर्ध्याच्या कामाला नकारही लिहिला. म्हणजे मी आता कोणाचाच उपदेशक नाही. उपदेशकाची खोली पंधरा जूनच्या आत सोडायची आहे. लहानू म्हणतो की, वावर बापाचं हाये, अर्धं तुहं, मिरगाले पेराले ये. लहानू राहतो त्या आपल्या जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्या विमलाबाई आणि कमला सारवत आहेत. दोघींचे हसणे नाल्यापलीकडून इथवर ऐकू येते. माझे हात शाईचे, वखर धरल्यावर काय होईल प्रभू जाणे. परवा नुसत्या काड्या वेचल्या तर रात्री पाठ वळेना. थकवा गेलेला नाही, अक्का. सकाळी उठताना तसाच असतो. पण रविवारी त्याची लाज वाटत नाही.

आता शेवटची बातमी, ही वाचून हसशील. चटया टाकलेल्याच असतात म्हणून वस्तीतल्या लोकांनी लहानूला विचारले की, तुमचे झाले की आम्ही तिथेच वंदना घेऊ का? तेव्हा आमचे संपत आले की त्यांची माणसे अंगणात येऊन थांबतात. त्यात आमच्या मंडळीतून गेलेली घरेही आहेत. पहिल्या दिवशी मान खाली घालून आली, आता ढोलकीवाला मला विचारतो की दादा, आज किती वेळ चालणार? आम्ही उठतो, ते बसतात. माय मात्र उठत नाही. म्हणते की, मले घडीघडी कोण उचलते? जागेवरच बसून राहते, त्यांची वंदनाही पूर्ण ऐकते. आणि त्यांचे साधु साधु साधु म्हणून झाले की, हात जोडून सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात आमेन म्हणते. काल मी ओसरीच्या कोपऱ्यात चप्पल घालत होतो. सगळी वस्ती गप्प बसून तिच्या आमेनसाठी थांबलेली पाहिली. ते झाल्यावरच माणसे उठली.

तू बरी झालीस की ये. गाडीने हिंगणघाटपर्यंत ये, पुढे लहानू बैल जुंपून खाचर घेऊन येईल. कमला, विमलाबाई, माय सगळ्यांचा सलाम. लहानू म्हणतो की त्याचे पायलागू लिही. आम्हा दोघांवर सारखाच लोभ ठेव. आता एकाच छपराखाली राहणार, कमीजास्त केलेस तर लगेच दिसेल.

तुझा
श्रावण